सहलीचे पैसे आणि उचलीचे पैसे

वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकायचे आणि मे महिन्यात मुलाबाळांना घेऊन चार दिवस कुठेतरी जाऊन यायचे, ही गोष्ट आज नोकरदार घरांत इतकी सवयीची झाली आहे की तिला काही इतिहास असेल असे कोणाला वाटत नाही. पण तो आहे, आणि फार जुनाही नाही. सामान्य माणसाने स्वतःच्या कमाईतून, कर्ज न काढता, कुटुंबासह केवळ आनंदासाठी प्रवास करावा, हे गेल्या दीडशे वर्षांत हळूहळू शक्य झाले. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. पैसे साठवायला घराबाहेर एखादी भरवशाची जागा, परवडेल असे वाहन, आणि मजुरी न बुडता मिळणारी सुट्टी. ज्यांना या तिन्ही गोष्टी मिळाल्या त्यांनी बचत केली. ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांना काटकसरीवर भाषणे ऐकायला मिळाली.

मी मोखाड्यात उर्दू आणि मराठी शिकवते. आमचा तालुका नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासी आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या जेमतेम ८३ हजार होती. पावसाळ्यात मुंबई, ठाणे, नाशिकहून गाड्या भरभरून लोक इकडे येतात. जव्हारचा जयविलास राजवाडा, दाभोसाचा धबधबा, सूर्यमाळ, खोडाळ्याचा परिसर पाहतात, भजी खातात, फोटो काढतात आणि रविवारी संध्याकाळी परत जातात. म्हणजे आमचा मुलूख दुसऱ्यांच्या सहलीचे ठिकाण आहे. इथला माणूस मात्र सहलीला कधी जातो, कोणत्या पैशाने जातो, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे. त्याचे उत्तर शोधताना मला हजच्या इतिहासापासून सुरुवात करावी लागली.

हजची शिदोरी

आपल्या समाजात दूरच्या प्रवासासाठी आयुष्यभर पैसे साठवण्याची सर्वांत जुनी परंपरा हजची आहे. हज प्रत्येकावर फर्ज नाही, ज्याची तिथवर पोहोचण्याची ऐपत आहे त्याच्यावर आहे. या ऐपतीचा, म्हणजे इस्तिताअतचा, फिकहच्या आलिमांनी फार बारकाईने विचार केला आहे. नुसते जाण्या-येण्याचे भाडे असून चालत नाही. मागे राहिलेल्या बायको-मुलांचा, आईवडिलांचा, आपण परत येईपर्यंतचा खर्च बाजूला काढलेला असावा आणि डोक्यावरचे कर्ज फिटलेले असावे. पवित्र प्रवास असला तरी तो घर उपाशी ठेवून करण्याची सक्ती कोणावर नाही.

प्रत्यक्षात मात्र श्रद्धेपुढे हिशेब मागे पडत असे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी वाढल्या आणि मुंबई हे हजयात्रेचे मोठे बंदर बनले. केवळ हिंदुस्थानातूनच नव्हे तर मध्य आशियातूनही लोक मुंबईत येऊन जहाजाची वाट पाहत थांबत. त्यांतले अनेकजण शेत, जनावरे, दागिने विकून जाण्यापुरते पैसे जमवत. परतीचे तिकीट काढायला हातात काही उरत नसे. असे शेकडो लोक जिद्द्याला अडकून पडत. इंग्रज सरकारच्या कागदपत्रांत या गरीब हाजींचा विषय पुन्हा पुन्हा येतो. त्यात माणुसकीपेक्षा खर्चाची आणि साथीच्या रोगांची काळजी जास्त दिसते.

गंमत अशी की या प्रश्नावर उपाय म्हणून १८८६ मध्ये सरकारने ज्या कंपनीला बोलावले ती थॉमस कुक. इंग्लंडमध्ये सहलींचा धंदा ज्याने उभा केला तोच हा कुक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने दारूबंदीच्या प्रचारासाठी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे एक शिलिंग भाड्यात रेल्वेने नेली होती. त्याच्या नावाच्या कंपनीने मुंबईत हाजींसाठी तिकिटांची सोय सुरू केली, परतीच्या तिकिटासह. पण १८९३ पर्यंत ती व्यवस्था गुंडाळली गेली. पुढे १९२० च्या दशकात कायद्यानेच परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत बंधनकारक झाली. परतीच्या प्रवासाचे पैसे आधीच सुरक्षित ठेवले पाहिजेत, हे तत्त्व सरकारला पटायला इतकी वर्षे लागली. धर्मशास्त्राने ते कितीतरी आधी सांगून ठेवले होते.

मुंबईहून जिद्द्याला जाणारी हजची जहाजे १९९५ मध्ये बंद झाली. ज्यांनी ती पाहिली आहेत ती पिढी अजून आपल्यात आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरायचे, सोबत तांदूळ, डाळ, पिठाचे डबे घ्यायचे, आणि नातेवाइकांनी गोदीवर जाऊन निरोप द्यायचा. त्या पिढीच्या बायका हजचे पैसे वेगळ्या कापडात बांधून ठेवत. घरात कितीही अडचण आली तरी त्या गाठीला हात लागत नसे. ती गाठ ही घराची बँक होती, पण त्या बँकेला आग, चोर आणि महागाई या तिघांपासून संरक्षण नव्हते.

मलायाचा धडा

हाच प्रश्न मलायातल्या मुस्लिम शेतकऱ्यांपुढे होता. तिथले गावकरी व्याजाच्या भीतीने बँकेत जात नसत. पैसे गादीखाली, मडक्यात, छपरात ठेवत. हजची वेळ आली की जमीन आणि गुरे विकत, आणि हाजी होऊन परत आले की शेतमजूर होत. उंगकू अझीझ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९५९ मध्ये यावर एक योजना मांडली. लोकांनी महिन्याला जमेल तेवढे पैसे एका संस्थेत ठेवावेत. संस्थेने ते व्याजावर न लावता उद्योगात, शेतीत, मालमत्तेत गुंतवावेत आणि झालेला नफा खातेदारांना वाटावा. १९६३ मध्ये या संस्थेचे काम सुरू झाले तेव्हा तिचे खातेदार होते १,२८१ आणि जमा रक्कम होती सुमारे ४६ हजार मलाया डॉलर. आज ताबुंग हाजी या नावाने ती ओळखली जाते. तिचे खातेदार लाखोंनी आहेत, आणि तिथे लहान मुलांच्या नावानेही खाते उघडतात.

या गोष्टीत मला महत्त्वाचे वाटते ते हे. मलायाचे शेतकरी आधी उधळे होते आणि नंतर काटकसरी झाले असे काही घडले नाही. ते आधीही साठवतच होते. फक्त त्यांच्या साठवणुकीला त्यांच्या श्रद्धेत बसेल अशी, गावापर्यंत पोहोचणारी जागा नव्हती. ती मिळाली आणि जमीन विकायची गरज राहिली नाही.

गिरणीचा भोंगा बंद होतो तेव्हा

आता केवळ मौजेच्या सहलीकडे वळू. गरीब कामगारांनी सहलीसाठी संघटितपणे पैसे साठवण्याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधल्या लँकेशायरचे आहे. तिथल्या कापड गिरण्यांच्या गावांत वर्षातून एकदा, प्रत्येक गावाच्या ठरलेल्या आठवड्यात, सगळ्या गिरण्या एकदम बंद होत. १८४६ मध्ये ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्याला रेल्वे पोहोचली होती. ओल्डहॅमसारख्या गावातले कामगार गिरणीत, चर्चमध्ये, कधी दारूच्या गुत्त्यातसुद्धा बचतीचे मंडळ काढत. दर आठवड्याला काही पेनी भरायचे आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळी रक्कम हातात घ्यायची. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर ती सहलीची भिशीच होती, फरक इतकाच की सगळ्यांचा नंबर एकाच दिवशी लागायचा.

पण एक गोष्ट विसरू नये. त्या आठवड्याचा पगार त्यांना मिळत नसे. म्हणजे ते सहलीच्या खर्चासाठी साठवत, आणि सहलीमुळे बुडणाऱ्या मजुरीसाठीही साठवत. दुप्पट ओझे. ते हलके झाले ते पगारी रजेच्या कायद्यांनी. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवडे पगारी सुट्टी मिळाली आणि सोबत रेल्वेच्या भाड्यात सवलत. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी सुट्टीचा करार केला. ब्रिटनचा कायदा १९३८ चा. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तर खास सुट्टीच्या बचतीसाठी सहकारी संस्था निघाली, जिथे कामगार कमी किमतीत सहलीची तिकिटे विकत घेऊन वर्षभर साठवू शकत.

आपल्या गिरणगावाचा इतिहास याला समांतर चालतो, फक्त पन्नास पावले मागून. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. वार्षिक पगारी रजा कायद्यात यायला १९४५ उजाडले, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामाला एक दिवस पगारी रजा असे प्रमाण बसवून दिले. तोपर्यंत चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला गावी जायचा तो मजुरी बुडवून, आणि परत आल्यावर जागेवर बदली कामगार बसलेला दिसेल ही धास्ती घेऊन. रत्नागिरी-रायगडचे आपले मुस्लिम खलाशीही असेच. बोटीवरून वर्षा-दोन वर्षांनी घरी येणे हीच त्यांची सुट्टी. त्यांची बचत घर दुरुस्त करण्यात आणि बहिणींच्या निकाहात जायची. मुंबईच्या कामगाराची सहल म्हणजे गाव. गावच्या माणसाची सहल म्हणजे उरूस, जत्रा आणि वारी. पंढरीच्या दिंडीत सामायिक जेवणासाठी जी वर्गणी भरतात तिलाही अनेक ठिकाणी भिशी म्हणतात. तेव्हा प्रवासासाठी मिळून पैसे काढणे ही आपल्या मातीला परकी गोष्ट नाही.

नोकरदाराची सहल कशी जमली

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात मध्यमवर्गीय कुटुंब सहलीला निघाले त्याचे श्रेय आपण सहसा आपल्या काटकसरीला देतो. थोडा हिशेब करून पाहू.

पैसे ठेवायला पोस्ट होते. पोस्टाची बचत बँक १८८२ पासून आहे, आणि दरमहा ठरावीक रक्कम भरण्याचे पाच वर्षांचे आवर्ती खाते १९७० मध्ये आले. जायला एसटी होती. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली आणि पुढच्या काही दशकांत ती डोंगरातल्या गावांपर्यंत पोहोचली. १९८८ पासून एसटीने ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास दिला. एकदा पैसे भरा आणि ठरावीक दिवस राज्यात कुठेही फिरा. कित्येक शिक्षक कुटुंबांनी औरंगाबाद, वेरूळ, खुलदाबाद, कोल्हापूर याच पासावर पाहिले. आणि सुट्टीत जायला सरकारचे पैसेही होते. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांना १९५६ मध्ये रजा प्रवास सवलत दिली. राज्य सरकारी नोकरांना ‘स्वग्राम’ आणि ‘महाराष्ट्र दर्शन’ या सवलती मिळतात.

म्हणजे महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार, मे महिन्यात पगारी सुट्टी, पोस्टात सुरक्षित खाते, स्वस्त एसटी आणि वरून भाड्याची भरपाई. एवढे सगळे पायाखाली असताना महिन्याला हजार रुपये बाजूला काढून वर्षाला बारा हजार जमवणे ही काही तपश्चर्या नव्हे. मी स्वतः याच वर्गातली आहे. आमच्या गल्लीत बारा बायकांची भिशी चालते. पोस्टाच्या खात्यावरचे व्याज नको म्हणणाऱ्या आमच्यापैकी काहीजणींना भिशी सोयीची वाटते, कारण जेवढे भरले तेवढेच परत मिळते. चिठ्ठी कोणाची निघावी यावर वाद होतात, पण ज्या घरी दवाखान्याचे निघाले त्या घराला नंबर सोडून देण्याची समजूतही आहे. या पैशातून आम्ही अजमेर पाहिले. पण आमची भिशी टिकते याचे कारण उघड आहे. बाराही घरांत दरमहा काही ना काही येते. ज्या घरात महिन्याला येणारा पैसाच नाही त्या घरातली बाई भिशीत बसूच शकत नाही, तिची नियत कितीही साफ असो.

जिथे पैसा आधी येतो

दरवर्षी जून महिन्यात शाळेत ‘मी सुट्टीत केलेला प्रवास’ हा निबंध असतो. एका मुलीच्या निबंधातली वाक्ये मला पाठ झाली आहेत. तिने लिहिले होते की आम्ही सगळे गेलो, आई, बाबा, मी, दोन भाऊ आणि शेळीपण. रात्री ट्रकने गेलो. तिकडे खूप गाड्या आणि लाइट होते. ती गेली होती भिवंडीकडे वीटभट्टीवर, दिवाळीनंतर, आणि परतली पावसाच्या तोंडावर. सहा महिने कुटुंबासह परगावी.

मोखाडा-जव्हारचा हा नेहमीचा प्रवास आहे. नागली-वरईची शेती पावसावरची. पाऊस भरपूर पडतो, पण उतारावरून वाहून जातो. आमच्याच खोऱ्यातली वैतरणेची धरणे मुंबईची तहान भागवतात आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन कोस कोस चालतात. भात कापून झाला की कामे संपतात. तेव्हा भट्टीचा मुकादम येतो आणि उचल देतो. सणाचा, आजारपणाचा, लग्नाचा खर्च त्या उचलीतून भागतो. मग नवरा-बायको आणि हाताला येतील ती मुले भट्टीवर जातात. आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते, तीही हिशेबात धरली जाते. शेवटी उचल फिटली तर हातात थोडे पडते, नाही फिटली तर बाकी पुढच्या वर्षावर.

बचत आणि उचल यांचा क्रम बरोबर उलटा आहे. बचतीत आधी श्रम, मग पैसा, मग प्रवास. उचलीत आधी पैसा, मग प्रवास, मग श्रम. बचत करणाऱ्याचे पुढचे वर्ष त्याचे स्वतःचे असते. उचल घेणाऱ्याचे पुढचे वर्ष आधीच विकलेले असते. विकलेल्या वर्षातून कोणी काय साठवणार?

ही रीत आजची नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-उंबरगावकडे, लग्नगडी नावाची पद्धत होती. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेई आणि त्याच्या मोबदल्यात बायकोसह वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबे. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, आणि वेठबिगारी व लग्नगडी यांवर पहिला मोठा घाव बसला. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या दिवसांचे वर्णन केले आहे. पुढे १९७६ मध्ये वेठबिगारी संपवणारा कायदा देशभर आला. कायद्याने सावकाराचे दार बंद केले, पण हंगाम संपल्यावर पैसे कुठून आणायचे या प्रश्नाचे दार उघडेच राहिले. उचल त्याच दाराने आत आली.

कोणी म्हणेल, जिथे पोटाची चिंता आहे तिथे सहलीच्या गोष्टी कशाला? १९३६ साली फ्रान्समध्ये आणि १८९० साली मुंबईतही मालक लोक साधारण हेच म्हणत होते, कामगाराला सुट्टी कशाला हवी? कुरआनने धरतीवर फिरा आणि पाहा असे वारंवार सांगितले आहे. ते सांगताना श्रीमंत आणि गरीब असा भेद केलेला नाही. ज्या मुलीने भिवंडीचे लाइट पाहून ते निबंधात लिहिले, तिची पाहण्याची भूक माझ्या मुलांपेक्षा कमी नाही.

आणि मार्ग अवघडही नाही. तो इतिहासाने दाखवलेला आहे. दिवाळीनंतर गावातच वेळेवर मजुरी मिळणारे काम हवे. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, म्हणजे देशाच्या कितीतरी आधीचा, आणि त्याचा हेतू हाच होता. मजुरी महिनोन्महिने अडकली की माणूस पुन्हा मुकादमाकडे जातो, तेव्हा कामाइतकीच मजुरीची तारीख महत्त्वाची. काही पाड्यांवर बायकांचे बचत गट दर आठवड्याला पन्नास-शंभर रुपये जमा करतात आणि अडीअडचणीला एकमेकींना देतात. ज्या घराला आजारपणासाठी गटातून दोन हजार मिळतात, त्या घराला त्या दोन हजारांसाठी उचल घ्यावी लागत नाही. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. मोखाड्याहून त्र्यंबक, नाशिक आता बचत गटातल्या बाईला आवाक्यातले झाले आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या जवळच्या पाड्यावरच्या एका गटातल्या नऊ बायका मुलांना घेऊन एसटीने नाशिकला जाऊन आल्या. गोदावरीचा घाट पाहिला, मुलांना बागेत खेळवले, प्रत्येकीने घरी काहीतरी घेतले आणि शेवटच्या गाडीने परत आल्या. एका दिवसाचीच सहल. माणशी खर्च फार नव्हता, पण तो त्यांनी सात महिने जमवला होता. त्यांतल्या पाच घरांनी त्या वर्षी उचल घेतली नव्हती. ज्या चार घरांनी घेतली होती, त्यांतल्या बायका भट्टीवर जायच्या आधी, आपल्या वाट्याचे पैसे भरून आल्या होत्या. मुकादमाचा ट्रक यायला तेव्हा आठ दिवस बाकी होते.